दोन घरचा पाहुणा

बुओना व्हिस्टा, सिंगापूर
बुधवार, ९ जुलै २०२५

चि. विश्वास यास दादाचे पोटभर आशीर्वाद.

आधी तब्येती. नीताचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कळ येते असं मागे लिहिलं होतंस, मग त्यावर अवाक्षर नाही. अनिमेषचा खोकला गेला का? गिरणीत तोंडाला रुमाल बांधून बस म्हणावं. पीठ पोटात गेलं तर पोसतं, छातीत गेलं तर सोसत नाही. नंदाअक्काचं बीपी? आणि मनोहरने मोतीबिंदू काढला, की अजून मुहूर्त बघतोय? तुझी सुपारी सुटली का हे विचारत नाही. तुला खोटं लिहायला लावायचं कशाला!

आम्ही सगळे बरे आहोत. जावई प्रसन्नराव उजाडायच्या आत कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडला जातात. तिथल्या कारखान्यांत पास दाखवल्याशिवाय माशीसुद्धा आत जात नाही. नातीचे, ऋग्वेदाचे, दोन दात पडलेत. पत्राचा फोटो काढून पाठवायला तिनेच मला शिकवलं. "आजोबा, हात हलवू नका lah!" म्हणून ओरडते. हे lah म्हणजे इथल्या बोलण्याचं शेपूट, वाक्य संपलं की लागतंच. पोस्टाने पाठवलं असतं, पण अलीकडे पत्र पोचेपर्यंत जगातली जकात बदललेली असते.

जकातीवरूनच मुद्द्यावर येतो. आपल्या निहारिकेच्या मानेवर सध्या मोठं ओझं आहे. तिच्या संस्थेचं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. ते अमेरिका आणि इंडोनेशिया या दोन देशांतल्या निवृत्त अधिकाऱ्यांना दरवर्षी सिंगापूरला बोलावतात आणि बंद दाराआड बोलायला बसवतात. सरकारं जे उघड बोलू शकत नाहीत ते हे म्हातारे बोलतात, आणि घरी जाऊन योग्य त्या कानावर घालतात. मी म्हटलं, "अगं, मी गावात चाळीस वर्षं हेच केलं की! बैठकीआधी मुलीचा मामा आणि मुलाचा काका पारावर भेटवायचे." ती हसली, पण बाबांना कळलं म्हणून बरं वाटलं असावं.

या खेपेची बैठक सोमवारी आणि मंगळवारी आहे, तांजोंग पगारच्या एका हॉटेलात. आणि कालच अमेरिकेचं पत्र आलं: एक ऑगस्टपासून इंडोनेशियाच्या मालावर बत्तीस टक्के जकात. एप्रिलमध्ये धमकी दिली, मग थांबले, आता पुन्हा तीच. त्यात इंडोनेशिया जानेवारीत ब्रिक्स गटात गेला, चीन-रशिया-आपण आहोत त्यात. अमेरिका विचारते, तुम्ही नक्की कोणाचे? मला त्या देशाची काळजी वाटते रे. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात.

त्याहून अवघड म्हणजे, ज्या दोघांच्या मैत्रीवर ही बैठक उभी राहिली तेच एकमेकांशी बोलत नाहीत. अमेरिकेचे कॅल्डवेल साहेब आणि जकार्ताचे पाक हार्योनो. 'पाक' म्हणजे आपलं 'राव' समज. तरुणपणी दोघं जकार्तात एकत्र टेनिस खेळायचे. गेल्या वर्षी कॅल्डवेल साहेबांनी विचारलं, उद्या चीनशी बिनसलं तर तुम्ही आमच्या बाजूने उभे राहाल, असं आपण दोघं मिळून लिहू या का? मसुदाही वाचायला दिला. हार्योनो हसले, मान हलवली. साहेबांनी घरी कळवलं, ते तयार आहेत. बातमी फिरून जकार्तात गेली आणि हार्योनोंना त्यांच्याच लोकांनी फैलावर घेतलं: देश विकायला निघालात का? ते म्हणतात मी हो म्हणालोच नव्हतो. साहेब म्हणतात शब्द फिरवला. वर्ष झालं, अबोला आहे.

या वेळीही ते बोलले नाहीत तर संस्था हा उपक्रमच बंद करणार. निहारिकेचे वरिष्ठ तिला तसं स्पष्ट बोललेत. तीन वर्षांचं तिचं काम, आणि नोकरीही त्याच्यासोबत जाईल. पोरगी जेवताना भातात रेघोट्या ओढत बसते.

मी एक तोडगा काढला आहे. व्याही मांडवात बोलत नसतील तर त्यांना एका पंगतीत शेजारी बसवावं. हॉटेलचं आमंत्रण नाकारता येतं, घरचं नाही. रविवारी दुपारी दोघंही आपल्याकडे जेवायला येत आहेत. पुरणपोळी मी करणार. तुझी वहिनी गेल्यावर शिकलेली एवढी एकच विद्या आहे माझ्याकडे.

कसं बसवू, काय करू, लगेच कळव.

तुझा,
विनायकदादा

---

तासगाव
शुक्रवार, ११ जुलै २०२५

तीर्थरूप दादांस, विश्वासचा साष्टांग नमस्कार.

सगळ्यांच्या तब्येती उत्तम. नीताचा गुडघा ठीक आहे. अनिमेषचा खोकला गेला. अक्काचं बीपी तुमचं नाव काढलं की वाढतं, एरवी बरं असतं. मनोहरला आता उजव्या डोळ्याने दिसत नाही आणि डाव्याने बघवत नाही, तरी मुहूर्त मिळेना.

दादा, तुमचं पत्र गिरणीत मोठ्याने वाचलं. दळण थांबवून लोक ऐकत होते. शेजारच्या शैलावहिनी म्हणाल्या, "विनायकभावजींनी आता अमेरिकेची सोयरीक जुळवायला घेतली होय?" मी म्हटलं, गावातली स्थळं संपली.

आता गमतीचं राहू दे. तुम्हाला सावळजचं लग्न आठवतंय? मुलाचे चुलते रुसून मांडवाबाहेर जाऊन बसले होते. का, तर आहेर देताना त्यांचं नाव दुसऱ्या नंबरला घेतलं. तुम्ही जाऊन त्यांना काही समजावलं नाहीत. नुसते शेजारी बसलात आणि तंबाखू मागितलीत. ते स्वतःहून उठून आत आले. तेव्हा उपदेश करू नका. समोरासमोर बसवू नका, समोर बसलं की भांडण आठवतं. शेजारी बसवा. आणि मानपान सारखा: आमटीची वाटी एकाला आधी, तर तुपाची धार दुसऱ्याला आधी.

आग्रह मात्र मनसोक्त करा. आपल्या घरातून कोणी अर्धपोटी गेलं असं त्या दोन्ही देशांत कोणी म्हणायला नको.

मला मात्र ह्या इंडोनेशियाचं कळत नाही. एकाचं घर धरावं आणि राहावं की! तुम्हीसुद्धा सहा महिने पुण्याला लेकाकडे, सहा महिने लेकीकडे. तुमच्या चपला कुठल्या दारात शोधायच्या तेच आम्हाला कळत नाही. राग मानू नका, आठवण येते म्हणून बोललो.

नीता नमस्कार सांगते. ती ठीक आहे.

तुमचा,
विश्वास

---

बुओना व्हिस्टा
सोमवार, १४ जुलै २०२५, सकाळी

चि. विश्वास यास आशीर्वाद.

घाईत लिहितो. जेवण झालं. पोळ्या चांगल्या फुगल्या होत्या, पुरण अगदी मऊ. सगळं छान झालं. दोघं शेजारीशेजारी बसले होते. तुझ्या सूचनांचा फार उपयोग झाला.

एक सहज विचारायचं होतं. पुरण कोणाला बाधलं तर तुझी वहिनी ओव्याचा काढा करायची, त्यात सैंधव घालायची की काळं मीठ? आणि ओवा आधी भाजायचा का? पत्र मिळताच कळव. अगदी लगेच.

सहज विचारतोय.

विनायकदादा

---

तासगाव
सोमवार, गिरणी उघडायच्या आधी

तीर्थरूप दादांस नमस्कार.

ओवा भाजायचा, रंग बदलेपर्यंतच. मग पाण्यात उकळायचा, पाणी निम्मं होऊ द्यायचं. चिमूटभर सैंधव, वर लिंबू. कोमट, घोट घोट. गटागटा नाही.

आणि आता सांगा, कोणाला बाधलं? दादा, तुम्ही पत्रात "सहज" दोनदा लिहिता तेव्हा घरात काहीतरी फुटलेलं असतं. अमेरिकेला बाधलं की इंडोनेशियाला?

इकडची काळजी करू नका, नीता ठीक आहे.

विश्वास

---

बुओना व्हिस्टा, सिंगापूर
गुरुवार, १७ जुलै २०२५

चि. विश्वास यास दादाचे हलक्या मनाने आशीर्वाद.

तीन दिवस तुला टांगणीला लावलं. आता निवांत बसून सगळं लिहितो. इंडोनेशियाला बाधलं होतं.

रविवारी निहारिकेने मला आधीच बजावलं होतं: "बाबा, अमेरिकन माणूस नाही म्हणाला की नाही. आपला आग्रह त्यांना आवडत नाही, जबरदस्ती वाटते." मी मनाशी खूणगाठ बांधली. कॅल्डवेल साहेबांची पहिली पोळी झाल्यावर विचारलं, "आणखी?" ते हात उंचावून म्हणाले, "नको, नको, थँक यू." मी ताटाकडे पुन्हा वळलोही नाही. स्वतःचं कौतुक वाटलं, म्हातारपणी माणूस शिकतो!

हार्योनोरावांबद्दल मात्र मला कोणी काही सांगितलं नव्हतं. भला माणूस, पांढरेशुभ्र केस, नक्षीचा बाटिकचा सदरा, बोलणं असं की शेजारच्याची झोप मोडू नये. पोळी वाढली, हसून म्हणाले, "फार चविष्ट." मी आणखी एक वाढली, वर तूप. "खरंच, फार चविष्ट." आणखी एक. मध्येच ते पानात घास ठेवून थांबले, तर आपली ऋग्वेदा म्हणते, "Uncle, आमच्या घरी cannot waste lah! आजोबा रागावतात." त्या माणसाने मुकाट्याने तो घास उचलला. रिकामं ताट दिसलं की माझा हात आपोआप जातो, हे तुला माहीत आहे. किती झाल्या विचारू नकोस, पाहुण्याच्या पोळ्या मोजायची आपल्यात रीत नाही. शेवटी ते पोटावर दोन्ही हात ठेवून पुन्हा म्हणाले, "फारच चविष्ट." मला वाटलं, देव पावला.

दोघं शेजारी बसले होते खरे, पण अख्ख्या जेवणात एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. एक जेवत होता, दुसरा बघत होता.

सोमवारी निहारिकेचा हॉटेलातून फोन आला. हार्योनो खाली आलेच नाहीत. पोट धरून खोलीत पडलेत, डॉक्टर येऊन गेले, अपचन आहे, दुसरं काही नाही. पण खाली काय झालं बघ. त्यांची रिकामी खुर्ची पाहून अमेरिकेची मंडळी म्हणाली, बत्तीस टक्क्यांचा निषेध करतायत. इंडोनेशियाची मंडळी म्हणाली, यांना रात्रीतून कोणीतरी गप्प केलं. एका पोळीचं कारण कोणाच्या डोक्यात येणार? निहारिका मला फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही किती वाढल्यात?" आणि फोन ठेवला. विश्वास, ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

तुझा काढा केला, थर्मासमध्ये भरला, आणि एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, एकटा निघालो. तांजोंग पगारला उतरून हॉटेल विचारत गेलो. वर खोलीशी पोचलो तर दार उघडं होतं. आत बिछान्यावर हार्योनो, आणि शेजारच्या खुर्चीवर, सांगितलं तर खरं वाटणार नाही, कॅल्डवेल साहेब! हा माणूस खरंच आजारी आहे की मला टाळतोय, ते डोळ्यांनी बघायला ते वर आले होते. टायसुद्धा सैल केला नव्हता. दोघंही छताकडे बघत होते.

मी काढा ओतला, माफी मागितली. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, वर्तमानपत्र वाचून शिकलेलं, बोलताना मथळेच बाहेर पडतात. हार्योनो एक घोट घेऊन म्हणाले, "छान आहे." मग माझ्याकडे बघून घाबरून लगेच म्हणाले, "पण पुरे!"

कॅल्डवेल साहेब म्हणाले, "काल हाच शब्द का नाही वापरलात? यांना सरळ नको म्हणायचं!"

"म्हणालो की," हार्योनो म्हणाले. "चविष्ट आहे असं तीनदा म्हणालो. पोटावर हात ठेवले. ताटात घास सोडायला गेलो, तर मुलीने सोडू दिला नाही. याहून मोठ्याने नको कसं म्हणतात?"

साहेबांनी टाय सैल केला. मग हळूच म्हणाले, "गेल्या वर्षी माझा मसुदा वाचून तुम्ही म्हणाला होतात, फार रंजक आहे."

"तीनदा म्हणालो होतो," हार्योनो म्हणाले.

विश्वास, कॅल्डवेल साहेब असे हसायला लागले की डोळ्यांतून पाणी आलं. हार्योनोही हसले, पोट धरून, "हसवू नका, दुखतं" म्हणत. साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला. म्हणाले, "मी एवढी वर्षं तुमच्या देशात काढली, आणि कालच्या या गृहस्थासारखाच तुमच्या पानात वाढत राहिलो."

आता माझी फजिती ऐक. साहेब मला म्हणाले, "तुमच्यावरही माझा राग आहे. मी जकार्तात शिकलो की आशियात पहिल्यांदा नको म्हणायचं, यजमान दुसऱ्यांदा विचारतो, मग घ्यायचं. काल मी नको म्हणालो आणि तुम्ही परत फिरकलाच नाहीत! तुमच्याकडून निघाल्यावर हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत जाऊन चिकन राईस खाल्ला." आपल्या घरातून माणूस उपाशी गेला रे! आणि तोही कोण, तर अमेरिका.

मी उठायला लागलो, तर दोघांनीही बसवून घेतलं. मग ते बोलत राहिले. कागद नाही, टेबल नाही, झेंडे नाहीत. साहेबांनी विचारलं, "सरळ सांगा, तुम्ही आमच्या बाजूने की चीनच्या?" हार्योनो म्हणाले, "तुमची विमानं आम्हाला हवीत. त्यांचा बाजार आम्हाला हवा. आमचं निकेल तुम्हा दोघांना हवंय. बाजू विचारलीत की मी हसून गप्प बसणार, आणि तुम्ही पुन्हा चुकीचं लिहिणार. त्यापेक्षा काम विचारा. समुद्रात चाचे आहेत, वादळं आहेत, रोगराई आहे, मुलांचं शिक्षण आहे. एकेक काम घ्या. त्याला मी हो किंवा नको स्पष्ट म्हणेन, अवघड गेलं तरी." साहेब म्हणाले, "आणि मी दुसऱ्यांदा विचारीन."

दुपारी दोघं एकाच लिफ्टने खाली उतरले. हार्योनोंचा हात साहेबांच्या खांद्यावर, पावलं सावकाश. निहारिका सांगते, त्यांना तसं येताना बघून हॉलमधली सगळी कुजबूज बंद पडली. मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी तीन कामं ठरवली, आणि एक नियम केला: कुठल्याही प्रस्तावाला त्याच दिवशी मिळालेलं उत्तर धरायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं आणि तेव्हाचं लिहायचं. उपक्रम चालू राहणार आहे. पुढची बैठक इंडोनेशियातल्या योग्यकार्ताला, आणि ती निहारिकाच बघणार. तिच्या वरिष्ठांनी सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं. पोरीच्या मानेवरचं ओझं उतरलं.

आणि काल, बुधवारी, बातमी आली की बत्तीसचे एकोणीस झाले. तू लिहिणार हे मला माहीत आहे, दादांच्या पुरणपोळीने तेरा टक्के उतरवले. तसं कुणाला सांगू नकोस, गिरणीत तर नाहीच! निहारिका म्हणाली, "बाबा, त्याचा आपल्याशी काही संबंध नाही. वाटाघाटी करणारी माणसं वेगळी, आमची नुसती बोलणारी." आणि एकोणीस म्हणजे काही शून्य नव्हे. बदल्यात काय काय द्यावं लागेल तेही अजून धड कळलेलं नाही. पण दगडापेक्षा वीट मऊ. हार्योनोंनी जाताना फोन केला होता, म्हणाले, सरकारं येतील जातील, पत्रं येतील जातील. अडचण आली की फोन करायला पलीकडे माणूस असला म्हणजे झालं. मला ते पटलं.

मी निहारिकेला म्हटलं, "मला वाटायचं इंडोनेशिया म्हणजे दोन घरचा पाहुणा." तर ती म्हणाली, "तो कसला पाहुणा, बाबा? अठ्ठावीस कोटी माणसांचं त्याचं स्वतःचं घर आहे. पाहुणे ते दोघे, अमेरिका आणि चीन. आणि पाहुण्यांनी यजमानाला विचारायचं नसतं, तू कोणाचा म्हणून." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुम्हीसुद्धा पाहुणे नाही. दोन घरं आहेत तुमची. विश्वासकाकांचं धरून तीन." चपलांचं तुझं वाक्य तिने वाचलं होतं वाटतं! तुझ्या पत्रांचे फोटो ऋग्वेदाच मला फोनवर उघडून देते, तिच्या आईला दाखवत नसेल असं मी धरूनच चाललो होतो.

मंगळवारी रात्री निहारिका जेवायला बसली. रविवारची उरलेली पोळी गरम करून वाढली. संपल्यावर विचारलं, "आणखी?" म्हणाली, "नको." हात मागे घेतला, आणि मग थांबून विचारलं, "खरंच नको, की वाढू?" माझ्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "अर्धी वाढा. तूप जास्त."

त्यावरूनच तुला एक विचारायचं आहे. तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढून वाचली. शुक्रवारी लिहिलंस, नीताचा गुडघा ठीक आहे. त्याच पत्राच्या शेवटी, ती ठीक आहे. सोमवारी कोणी न विचारता पुन्हा, नीता ठीक आहे. तीनदा झालं, विश्वास. आठवड्यापूर्वी मी हे वाचून खूश झालो असतो आणि आणखी एक पोळी वाढली असती. आता मी दुसऱ्यांदा विचारतोय.

डॉक्टरांकडे गेला होतात का? काय म्हणाले? ऑपरेशन सांगितलं असेल तर तसं लिही, मी येतो. विमान पाच-सहा तासांचंच आहे आणि निहारिकेने मला आत्ताच सांगितलंय, तिकिटाचं माझ्यावर सोडा. खरंच ठीक असेल तर नीताला स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायला सांग, म्हणजे मी पण ठीक.

गिरणी उघडायच्या आधी लिही. वाट बघतोय, लवकर लिही.

तुझा,
विनायकदादा